पाण्यात युरेनियम आहे का? तीन बाटल्यांची गोष्ट

रमजान पंधरा दिवसांवर आला होता. दुपारी शाळेतून घरी आले तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर काचेचे दोन पेले, शेजारी एक अनोळखी तरुण आणि समोर काळजीने चेहरा उतरलेल्या माझ्या सासूबाई. त्यांना घरात आम्ही सगळेच अम्मी म्हणतो. तरुण आरओ मशीन विकायला आला होता. एका पेल्यात आमच्या बोअरचे पाणी होते, दुसऱ्यात त्याने बाटलीतून आणलेले आरओचे. दोन्ही पेल्यांत त्याने सळ्या असलेले एक उपकरण बुडवले आणि बटण दाबले. थोड्याच वेळात बोअरचे पाणी आधी पिवळसर, मग तांबूस-तपकिरी झाले. वर मळकट हिरवा फेस जमला. दुसरा पेला होता तसाच राहिला.

"बघा मावशी, हे सगळं तुमच्या पोटात जातं. यात जड धातू आहेत, युरेनियम आहे. किडनी यानंच जाते."

अम्मींचे क्रिएटिनिन गेल्या वर्षापासून वाढलेले आहे. दर तीन महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट येतो आणि घरातले सगळे आधी तोच आकडा पाहतात. त्यामुळे 'किडनी' हा शब्द ऐकताच अम्मींनी माझ्याकडे पाहिले आणि आपल्या दखनीत विचारले, "बेटी, ये पानी पीना की नको?"

मी त्या तरुणाला दोन दिवसांनी यायला सांगितले. हप्त्यावर का होईना, मशीन घेणे आम्हाला जमले असते. पण त्या बोअरवर आमच्या गल्लीतली सहा घरे अवलंबून आहेत. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे सोलापूरकरांना सांगायला नको. मधल्या दिवसांत स्वयंपाक, कपडे, वजू, सगळे याच पाण्यावर चालते. "बोअरमध्ये युरेनियम निघाला" एवढे वाक्य गल्लीत फिरले असते, तर सहा घरांतल्या बायका दुसऱ्या दिवसापासून जारच्या पाण्यासाठी पैसे मोजत बसल्या असत्या. म्हणून अम्मींच्या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देणे मला पटेना.

मिठात युरेनियम होता का?

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते आणि आठवी-नववीचे विज्ञानाचे तासही माझ्याकडे असतात. दुसऱ्या दिवशी नववीच्या मुलींसमोर तीन बीकर ठेवले. पहिल्यात आमच्या बोअरचे पाणी, दुसऱ्यात शेजारणीकडचे आरओचे पाणी आणि तिसऱ्यात तेच आरओचे पाणी, पण चिमूटभर मीठ घातलेले. प्रत्येकात दोन-दोन लोखंडी खिळे सोडले आणि शाळेतल्या बॅटरी एलिमिनेटरने वीज दिली.

बोअरचे पाणी हळूहळू तपकिरी झाले. आरओचे तसेच राहिले. तिसरा बीकर मात्र सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त गढूळ झाला. मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, नमक में यूरेनियम था क्या?" वर्ग हसला आणि मला वेगळे शिकवावे लागले नाही.

पाण्यात क्षार असले की वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडाची सळी झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यातले क्षार काढलेले असतात, म्हणून वीज वाहत नाही आणि गंजही सुटत नाही. पेल्यात दिसलेला तो गाळ आमच्या पाण्यातला नव्हता, त्या उपकरणाच्या सळ्यांचा होता. खिशात ठेवण्याचा टीडीएसचा पेनही एवढेच सांगतो की पाण्यात एकूण क्षार अंदाजे किती आहेत. ते क्षार कोणते, हे तो सांगू शकत नाही.

मुलींची गंमत झाली, माझाही राग थोडा शांत झाला. पण घरी येताना एक गोष्ट मनात टोचत राहिली. विक्रेत्याची चाचणी खोटी ठरली, याचा अर्थ पाणी चांगले आहे असा होत नाही. खोट्या तराजूने वजन चुकीचे दाखवले, तर खरे वजन कळायला खरा तराजूच लागतो.

भीमा कोणत्या दिशेने वाहते?

त्याच रात्री आपाचा, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा, निरोप आला. ती कर्नाटकात यादगीर जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात राहते. तिने पाठवलेल्या मजकुरात लिहिले होते की भीमेत युरेनियम आहे आणि सोलापूर, गुलबर्गा, यादगीरच्या लोकांनी सावध राहावे. खाली आपाने स्वतः लिहिले होते, "आमच्या बोअरचं काय करू?"

या मजकुराचा अर्धा भाग खरा आहे. शहापूर तालुक्यात गोगी नावाचे गाव आहे. अणुखनिज संचालनालयाने तिथल्या जमिनीखाली युरेनियमचा साठा शोधला. युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने खाणीच्या तयारीसाठी भुयार खोदून चाचपणीही केली आणि गावकऱ्यांनी त्याला विरोध केला. भूगर्भशास्त्रज्ञ या भागाला 'भीमा बेसिन' म्हणतात. आपल्या सोलापुरातल्या जुन्या घरांत जी शहाबादी फरशी असते, ती याच बेसिनमधल्या चुनखडीची. फरशीला घाबरायचे कारण नाही. गोगीचा साठा चुनखडी आणि तिच्याखालचा ग्रॅनाइट जिथे एका भेगेजवळ तुटले-भंगले आहेत, तिथे साचलेला आहे.

दुसरा अर्धा भाग मात्र नकाशा न पाहता लिहिलेला होता. भीमा नदी भीमाशंकरला उगम पावते, उजनी धरणातून सोलापूर जिल्ह्यात येते, मग गुलबर्गा आणि यादगीर ओलांडून रायचूरजवळ कृष्णेला मिळते. सोलापूर शहराला पाणी मिळते ते उजनीतून, टाकळीजवळ भीमेतून आणि हिप्परग्याच्या तलावातून. ही सगळी ठिकाणे गोगीच्या वरच्या अंगाला आहेत. नदी उलटी वाहिली तरच गोगीचे पाणी आमच्या नळाला येईल. 'भीमा बेसिन' हे खडकांच्या एका जुन्या थराचे नाव आहे, नदीच्या पाण्याचे नाही. नाव एकच असल्यामुळे हा घोटाळा झाला.

सोलापूरच्या पायाखालचा खडकही वेगळा आहे. आपण दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर राहतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा हा खडक. त्यात युरेनियम फारच कमी असते, साधारणपणे टनामागे एक ग्रॅमही नाही. ग्रॅनाइटमध्ये ते टनामागे तीन-चार ग्रॅम किंवा जास्तही सापडते. म्हणून माझ्या बोअरबद्दल मी निम्मी निश्चिंत झाले आणि आपाच्या बोअरबद्दल निम्मी काळजीत पडले. पण खडक फक्त शक्यता सांगतो. एका विशिष्ट बोअरच्या पाण्यात काय आहे, हे ते पाणी मोजल्यावरच कळते.

भीती किरणांची की विषाची?

युरेनियम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिरोशिमा येते. पिण्याच्या पाण्यातल्या युरेनियमची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे.

निसर्गात सापडणाऱ्या युरेनियमचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग युरेनियम-२३८ हा असतो. त्याचा अर्धा साठा विघटित व्हायला सुमारे ४५० कोटी वर्षे लागतात. इतक्या संथपणे तुटणारा पदार्थ किरणेही संथपणेच सोडतो. एका लिटर पाण्यात ३० मायक्रोग्रॅम युरेनियम असेल, तर त्यात दर सेकंदाला एकही अणू तुटत नाही, सरासरी पाऊण तुटतो असे म्हणता येईल. त्यातून निघणारे अल्फा कण साध्या कागदानेही अडतात, पाण्याने तर अडतातच. म्हणून बादलीजवळ गायगर काउंटर धरून 'टिक टिक' ऐकवणाऱ्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नये. टिकटिक ऐकू आली तरी ती हवेतल्या, भिंतींतल्या आणि आकाशातून येणाऱ्या नैसर्गिक किरणांची असते. आणि न आली तरी पाण्यात युरेनियम नाही, असे सिद्ध होत नाही.

धोका आहे तो रासायनिक. युरेनियम हा शिशासारखाच एक जड धातू आहे. पोटात गेलेल्या युरेनियमचा फार थोडा भाग रक्तात शोषला जातो, बाकीचा शौचावाटे निघून जातो. रक्तात गेलेला बहुतेक भाग मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात, आणि हे काम करताना मूत्रपिंडांतल्या बारीक नळ्यांना इजा होऊ शकते. विक्रेत्याचा प्रयोग खोटा होता, पण युरेनियम आणि किडनी यांचा संबंध त्याने खोटा सांगितला नव्हता. अम्मींच्या बाबतीत ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे १५ मायक्रोग्रॅम हे मार्गदर्शक मूल्य दिले होते. २०११ साली ते ३० केले. हा आकडा किरणांसाठी नाही, मूत्रपिंडांवरच्या रासायनिक परिणामासाठी ठरवलेला आहे. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणांच्या हिशेबाने ६० ही मर्यादा सांगितली होती. भारतीय मानक ब्युरोने नंतर पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली. एकाच पदार्थाला दोन आकडे का, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे. एक आकडा किरणांचा हिशेब करतो, दुसरा विषाचा. युरेनियमच्या बाबतीत विषाचा हिशेब जास्त कडक निघतो.

३० मायक्रोग्रॅम म्हणजे किती? गच्चीवरची हजार लिटरची टाकी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाएवढे, जेमतेम ३० मिलिग्रॅम युरेनियम विरघळले, तर सगळे पाणी बरोबर मर्यादेवर येते. त्याला रंग नसतो, वास नसतो, चव नसते. पाणी उकळले तर पाणी उडते आणि युरेनियम मागे राहते. तुरटी फिरवून, क्लोरीनचे थेंब टाकून किंवा साध्या कँडल फिल्टरने त्याच्यापासून सुटका होईल असे धरून चालू नये. आरओने मात्र ते बऱ्यापैकी निघते.

हा प्रश्न देशात काल्पनिक नाही. केंद्रीय भूजल मंडळाने देशभरातले उथळ भूजल तपासले, तेव्हा १८ राज्यांतल्या १५१ जिल्ह्यांच्या काही तुरळक भागांत युरेनियम ३० मायक्रोग्रॅमच्या वर आढळले. पंजाब, हरयाणा, राजस्थान ही नावे त्यात वारंवार येतात. 'जिल्ह्यात आढळले' म्हणजे जिल्ह्याच्या प्रत्येक विहिरीत आढळले, असे नव्हे. एका बोअरमध्ये जास्त आणि दोन शेतांपलीकडे अगदी कमी, असेही घडते.

तीन बाटल्या का?

मग मी नमुना द्यायचे ठरवले. आपल्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. तिथे पाण्याच्या नेहमीच्या तपासण्या होतात. युरेनियमची तपासणी वेगळी मागावी लागते आणि ती करणारी प्रयोगशाळा एनएबीएलची मान्यता असलेली आहे ना, हे पाहावे लागते. चौकशी केल्यावर कळले की एक बाटली पुरणार नाही, तीन लागतील. यामागची कारणे प्रत्येक गृहिणीला समजतील अशी आहेत.

पहिली बाटली युरेनियमसाठी. स्वच्छ प्लास्टिकची, त्याच पाण्याने तीनदा विसळलेली. पाणी भरण्याआधी बोअर काही मिनिटे चालू ठेवायची, नाहीतर पाइपात रात्रभर साचलेल्या पाण्याचाच नमुना जातो. मग पाणी बारीक गाळणीतून गाळून त्यात नायट्रिक ॲसिडचे काही थेंब टाकतात. तसे न केल्यास पाण्यातला धातू बाटलीच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतो आणि यंत्राला कमी दिसतो. ॲसिड घालण्याचे काम प्रयोगशाळेच्या माणसाचे, ते घरी करू नये.

दुसरी बाटली नायट्रेट, फ्लोराइड, कठीणपणा आणि एकूण क्षारांसाठी. हिच्यात नायट्रिक ॲसिड चालत नाही, कारण आपणच नायट्रेट ओतून मग नायट्रेट मोजल्यासारखे होईल.

तिसरी बाटली जिवाणूंसाठी. ती प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक करून मिळते. झाकणाच्या आत बोट लावायचे नाही, विसळायची नाही, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवायची.

प्रत्येक बाटलीवर ठिकाण, तारीख आणि वेळ लिहायची. आपापल्या घरी बसून हे किरकोळ वाटते. पण नमुना चुकीचा घेतला तर लाखो रुपयांचे यंत्रही अगदी अचूकपणे चुकीचे उत्तर देते. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी, ११२१ साली, मर्व शहरात अल-खाझिनी यांनी 'मीझान अल-हिकमा' नावाचा ग्रंथ लिहिला. सोन्यात चांदीची भेसळ आहे का, हे पाण्यात तोलून ओळखणाऱ्या तराजूचे त्यात सविस्तर वर्णन आहे. त्यांच्या आधी अल-बिरूनी यांनीही असेच तोल केले होते. पाण्यापाण्यांत फरक असतो आणि तो मापात उतरतो, हे या दोघांनाही ठाऊक होते. आजची प्रयोगशाळा बाटलीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय झाकण उघडत नाही, त्यामागे हीच काळजी आहे.

अंधारात थांबून पाहणारे यंत्र

इतका सूक्ष्म अंश दिसतो तरी कसा? दोन पद्धती जास्त वापरल्या जातात.

एका पद्धतीत युरेनियमला चमकवतात. पाण्यात विरघळलेल्या युरेनियमवर जांभळा किंवा अतिनील प्रकाश टाकला की ते हिरवट उजेड देते. ही चमक फार मंद असते, म्हणून नमुन्यात एक फॉस्फेटचे द्रावण मिसळतात, त्याने ती वाढते. अडचण अशी की पाण्यातला सेंद्रिय मळही चमकतो. इथे शास्त्रज्ञांनी सुंदर युक्ती केली आहे. प्रकाशाचा झोत क्षणभर टाकून बंद करतात. मळाची चमक नॅनोसेकंदांत विझते. युरेनियमची चमक त्याच्या हजारो पट जास्त वेळ टिकते, तरी तो वेळ मायक्रोसेकंदांतच मोजावा लागतो. यंत्र बाकीचे सगळे विझेपर्यंत थांबते आणि मग उरलेला हिरवा उजेड मोजते. नमुना लागतो तो चमचाभर. लिटरमागे सुमारे अर्धा मायक्रोग्रॅम युरेनियमही त्यात दिसते. अशी यंत्रे आपल्या देशात इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने विकसित केली. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पुढाकाराने देशभरातल्या विद्यापीठांना सोबत घेऊन विहिरींचे पाणी तपासण्याची जी मोठी मोहीम झाली, तिच्यात या पद्धतीचा मोठा वाटा आहे.

मोजणाऱ्याला आणखी एक शंका असते. या विशिष्ट पाण्यातल्या क्षारांनी चमक दाबली तर नाही ना? म्हणून त्याच नमुन्यात माहीत असलेले युरेनियम थोडे टाकून पुन्हा पाहतात. आकडा जेवढा वाढायला हवा तेवढाच वाढला, तर मूळ आकड्यावर भरवसा ठेवायचा. सालनात मीठ किती आहे हे कळत नसेल, तेव्हा आपण चिमूटभर टाकून पुन्हा चाखतो, तसेच हे.

दुसरी पद्धत आयसीपी-एमएस. यात नमुन्याचा फवारा हजारो अंश तापलेल्या आर्गॉन वायूच्या ज्योतीत सोडतात. त्या उष्णतेत प्रत्येक धातूचे अणू सुटे आणि विद्युतभारित होतात. मग ते त्यांच्या वजनाप्रमाणे वेगळे करून २३८ वजनाचे किती आले, हे मोजतात. एकाच फवाऱ्यात शिसे, आर्सेनिक, युरेनियम अशा अनेक धातूंचा हिशेब मिळतो. आमची बाटली अशाच यंत्राकडे गेली.

सगळ्या किरणोत्सारी पदार्थांना मात्र ही रीत चालत नाही. रेडियम एक ग्रॅम घेतले तर ते एक ग्रॅम युरेनियमपेक्षा सुमारे ३० लाख पट जास्त किरणोत्सारी असते. तिथे वजन मोजण्यापेक्षा किरण मोजणे सोयीचे ठरते. ट्रिटियम हा तर हायड्रोजनचाच भाऊ. तो पाण्याचाच भाग होऊन बसतो. त्यासाठी नमुना एका खास द्रवात मिसळतात. ट्रिटियमचा अणू तुटला की तो द्रव किंचित लुकलुकतो आणि यंत्र ते लुकलुकणे मोजते. तारापूर, कैगा अशा अणुवीज केंद्रांजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा आहेत. तिथे पाणी, मासे, दूध यांचे नमुने नेहमी तपासले जातात. केंद्र सुरू होण्याआधीच मोजणी करून ठेवायची, ही त्यामागची महत्त्वाची रीत. आधीचा आकडा हाताशी नसेल तर नंतरचा वाढला की नाही, हे कोण सांगणार? गोगीच्या परिसरात चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाच्या संशोधकांनी भूजलाचा अभ्यास केला, तो खाण प्रस्तावित असतानाच, म्हणून त्याचे मोल मोठे आहे.

कागदावर काय आले?

रमजानचा पहिला आठवडा सरता सरता रिपोर्ट आले. आधी मी युरेनियमची ओळ शोधली. तिथे आकडा नव्हताच, 'आढळले नाही' असे लिहिले होते आणि बाजूला यंत्राची खालची मर्यादा छापली होती. 'आढळले नाही' म्हणजे शून्य नव्हे. याचा अर्थ, असलेच तर या यंत्राला दिसेल त्याहून कमी आहे. पण ती खालची मर्यादाच ३० मायक्रोग्रॅमच्या कितीतरी खाली होती, म्हणून आमच्यासाठी एवढे उत्तर पुरेसे होते. बेसॉल्टने आपला शब्द राखला. अम्मींना मी सांगितले, "अम्मी, युरेनियमची फिक्र नको." त्यांनी "अल्हम्दुलिल्लाह" म्हटले आणि चष्मा काढून डोळे पुसले.

मग दुसरा कागद वाचला. नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. आमचा आकडा तिच्या बराच वर होता. तिसऱ्या कागदावर जिवाणूंच्या रकान्यात लाल शाई होती.

क्षणभर मला काही सुचेना. आमच्या जाऊबाईंचे बाळ तेव्हा तीन महिन्यांचे होते. त्याला वरचे दूध सुरू होते आणि दुधाची पावडर बोअरचेच पाणी चांगले उकळून त्यात कालवली जात होती. उकळल्याने जिवाणू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटले की ते थोडे जास्तच दाट होते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांच्या शरीरात नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होऊ शकते आणि बाळ निळसर पडू शकते. आम्ही घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसासाठी घाबरलो होतो आणि धोका सगळ्यांत लहानाला होता.

त्याच संध्याकाळी बाळाच्या बाटलीसाठी नळाचे पाणी वेगळे साठवायला सुरुवात केली आणि डॉक्टरांना दाखवले. बाळ ठीक होते. नंतर गल्लीतल्या पुरुषांनी बोअरभोवती पाहिले. काही फुटांवरच फुटलेली गटार आणि शोषखड्डा. नायट्रेट आणि जिवाणू दोन्हींचे उत्तर तिथेच होते. गटार दुरुस्त झाली, बोअरच्या तोंडाभोवती सिमेंटचा ओटा बांधला. आता बोअरचे पाणी धुण्याभांड्याला आणि पिण्याला नळाचे, अशी विभागणी सहाही घरांत ठरली आहे. अम्मींनी किती आणि कोणते पाणी प्यायचे, हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवून दिले. आरओ आम्ही घेतला नाही. रिपोर्टप्रमाणे गरज पडली तर घेऊही. पण आरओ बरेच पाणी मोरीत सोडतो, आणि सोलापुरात तोही हिशेब करावा लागतो.

वाचताना आणखी एक गोष्ट हाती लागली. जमिनीत नायट्रेट वाढले की खडकात घट्ट बसलेले युरेनियम सुटून पाण्यात यायला मदत होते, असे अभ्यासांत दिसले आहे. आपाच्या गावच्या खडकांच्या दृष्टीने हे महत्त्वाचे. म्हणजे गटार आणि शोषखड्डा नीट ठेवणे हा त्या बाजूला युरेनियमवरचाही एक उपाय आहे.

आपानेही नमुना दिला. तिचा आकडा मर्यादेच्या आत आला, पण आमच्यासारखा 'आढळले नाही' नव्हता, आकडा होता. पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्याच्या शेवटी पाण्याची पातळी बदलते, तसा हा आकडाही बदलू शकतो. म्हणून तिने वर्षातून दोनदा तपासायचे ठरवले आहे. रिपोर्ट ती अम्मींच्या क्रिएटिनिनच्या कागदांसारखे तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावते.

वाचक भगिनींनो, तुमच्या दारातही कोणी दोन पेले घेऊन येईल. त्याला चार गोष्टी विचारा. कोणता पदार्थ मोजला? किती आला, आणि लिटरमागे मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम? मर्यादा किती आहे? कोणत्या प्रयोगशाळेने मोजले? या चारांची उत्तरे कागदावर मिळाली तर तो कागद जपून ठेवा. नाही मिळाली तर चहा पाजून निरोप द्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतः नमुना घेऊन जा.

दोन दिवसांनी तो तरुण खरेच परत आला होता. मी त्याला मुलींनी केलेला मिठाचा प्रयोग दाखवला. तो थोडा ओशाळला. त्याला हे उपकरण असेच शिकवून दिले होते, त्यालाही आतली गोष्ट माहीत नव्हती. जाताना त्याने विचारले, "मॅडम, आमच्या घरी पण बोअर आहे. ते तपासायचं तर कुठे जायचं?"

मी त्याला तीन बाटल्यांचा हिशेब एका कागदावर लिहून दिला.